एकतीस तारखेचं जेवण

२८ सप्टेंबर, रविवार

आज मी जिंकले. देवाच्या कामात जिंकणं-हरणं नसतं असं मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, पण ही वही माझी आहे आणि इथे खरं लिहायचं ठरवलंय. तर जिंकले.

उपासनेनंतर कमिटीची बैठक होती. पाळक ब्रँट आमच्याकडे मार्चपासून आलेत, अजून दाढीही धड भरलेली नाही. त्यांनी विषय काढला की यंदा हॅलोवीनच्या, म्हणजे एकतीस ऑक्टोबरच्या संध्याकाळी सगळ्यांनी चर्चच्या आवारात गाड्या लावाव्यात, डिक्क्या उघडून सजवाव्यात, आणि गावातल्या पोरांनी हवे ते वेष करून यावं, एकेका डिक्कीतून चॉकलेटं घ्यावीत.

"मोठ्या गावांत सगळीकडे करतात, सिस्टर मार्डेल. पोरं येतात, त्यांच्या मागून आईबाप येतात."

"हवे ते वेष म्हणजे? सैतानाचासुद्धा?"

"शिंगं नकोत अशी पाटी लावू ना."

"म्हणजे शिंगं उतरवली की सैतान चालेल."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग मी उभीच राहिले. आठवण करून दिली की माझी तलीथा आणि माझ्या मैत्रिणीची, कॉर्लिसची जुळी पोरं तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं होतं, आपली मुलं भुतं बनून दारोदार हिंडणार नाहीत. कॉर्लिसच्या मागच्या खोलीत पॅनकेक केले, चादरी गुंडाळून पोरांना मेंढपाळ केलं, गाणी म्हटली. त्याचंच पुढे चर्चच्या तळघरातलं एकतीस तारखेचं जेवण झालं. अकरा वर्षं. आणि आता ते डिक्कीत घालायचं?

बरंच बोलले. शेवटी पाळक म्हणाले, "ठीक आहे. यंदा चर्चतर्फे काहीच नको. जेवण तुमच्या घरी ठेवा, ज्यांना यायचंय ते येतील."

सगळे खाली बघत होते. कॉर्लिस स्कर्टवरचा एकेक धागा वेचत होती. ती मनातल्या मनात प्रार्थना करत असावी माझ्यासाठी. तिची ती सवयच आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवण कोठारात करायचं. नवऱ्याला, रॉइसला सांगितलं तर त्याने नुसती मान हलवली. लाकडाच्या गिरणीत दिवसभर करवतीच्या आवाजात राहून माणूस मुका होतो, त्याचं मी मनावर घेत नाही. मग जेवताना एकदम म्हणाला, "मी आणि एज्रा एक मासा करतो."

"मासा?"

"योनाचा. बायबलात त्याला गिळतो तो. मोठा. तोंडात पोरगं बसेल एवढा."

मला इतकं बरं वाटलं की उठून त्याच्या डोक्यावर ओठ टेकले. एवढ्या वर्षांत या जेवणासाठी त्याने बाकं हलवण्यापलीकडे काही केलेलं नाही. एज्रा आनंदाने खुर्चीवर उभा राहिला. आठ वर्षांचा घोडा झालाय, पण खुर्चीवर उभं राहायचं सुटत नाही. मी उतरवलं.

"डॅडी, डोळ्यांत दिवे लावायचे?" तो म्हणाला. "आणि पिकअपमध्ये मावेल ना?"

"पिकअपमध्ये कशाला? कोठार इथंच तर आहे," मी म्हटलं.

रॉइस म्हणाला, "लाकूड पिकअपमध्ये पडलंय. तिथंच करायला सोपं जाईल, असं म्हणतोय तो."

८ ऑक्टोबर, बुधवार

कॉर्लिस आली होती. तिच्या कुंपणाजवळच्या टेंभुर्णीला यंदा फळं लगडलीत, बादलीभर घेऊन आली. मागच्या पायरीवर बसून निवडली. तिने एक बी दातात धरून फोडली आणि मला दाखवली. आतला पांढरा कोंब चमच्यासारखा दिसला तर बर्फ फार, सुरीसारखा दिसला तर बोचरा वारा.

"चमचा! फावडी काढून ठेव."

"कॉर्लिस, ते शकुन बघणंच झालं."

"अगं, बी आहे ती."

"बीपासूनच सुरू होतं सगळं."

ती हसली, पण नेहमीसारखी नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मार्डेल, तुला कधी कंटाळा नाही आला त्याचा?"

"कशाचा?"

"त्या जेवणाचा. पोरं मोठी झालीत. माझे दोघे आता चादरी गुंडाळून घ्यायला तयार नाहीत. चौदा वर्षांचे मेंढपाळ."

मी तिला सांगितलं, की चांगलं करताना थकू नका असं वचनच आहे, योग्य वेळी पीक पदरात पडतं. तिने मान डोलावली. तिला धीर हवा होता, मी दिला. मैत्रिणी असतात कशाला?

निघताना म्हणाली, तिचा मोठा विजेचा तवा पाठवून देईल. 'घेऊन येईन' नाही म्हणाली, 'पाठवून देईन' म्हणाली. ती आधीच येऊन तयारीला लागणार असेल, तवा मागून पोरं आणतील.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज तलीथाने शाळेतून आल्या आल्या विचारलं, "मम्मी, तुझा एवढा राग का आहे त्या दिवसावर? खरं सांग. बायबलमधलं नको."

मी बायबलमधलंच सांगितलं.

खरं इथे लिहिते. मी सहा वर्षांची होते. लेरॉय मामाने रबरी मुखवटा घातला आणि मला उचलून मक्याची कणसं ठेवायच्या खोलीत कोंडलं. गंमत म्हणून. बाहेरून फळ्यांच्या फटींतून तो तोंड लावायचा. मी ओरडत होते आणि बाहेर सगळे हसत होते. मामाचं मला काही वाटत नाही, तो प्यायलेला होता. पण त्या हसण्यात आईचा आवाज होता. तो मी ओळखला. दार उघडल्यावर ती म्हणाली, "एवढंही कळत नाही का गं, सगळ्यांना माहीत होतं मामा आहे तो."

सगळ्यांना माहीत होतं.

हे मी एकट्या कॉर्लिसला सांगितलंय. रॉइसलाही नाही. त्याला वाटतं मला मुखवट्यांची ॲलर्जी आहे.

माझ्या पोरांना कोणी असं कोंडणार नाही. माझ्या घरात त्या संध्याकाळी दिवे लागलेले असतील आणि प्रत्येकाचा चेहरा दिसेल.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पोस्टात ओपलबाई भेटल्या. आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या. म्हणाल्या, "तुमच्या माशाबद्दल ऐकलं हं! सगळ्यांत मोठा तोच होणार म्हणतात."

मी म्हटलं, "सगळ्यांत म्हणजे? एकच तर आहे."

त्या जरा गोंधळल्या. कानाने कमी ऐकू येतं त्यांना. "हो, हो," म्हणाल्या आणि तिकिटं पर्समध्ये टाकायच्या ऐवजी कोटाच्या खिशात टाकली.

घरी येताना मन भरून आलं. म्हणजे कॉर्लिस गावभर सांगत फिरतेय. मी मात्र तिच्यावर मनातून थोडी नाराज होते, गेले दोन बुधवार प्रार्थनेला आली नाही म्हणून.

दुकानात दिसली होती मागच्या आठवड्यात. गाडीत चॉकलेटांच्या मोठ्या मोठ्या पिशव्या. "पुतण्यांसाठी," म्हणाली. दात किडतील त्यांचे.

२६ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या दारात उभी राहून एकेका कुटुंबाला आमंत्रण दिलं. साडेपाचला या, पोरांना बायबलमधल्या कोणाचाही वेष, धिप्पाड गल्याथसुद्धा चालेल. सगळे गोड बोलले. "बघू." "देवाची इच्छा असेल तर." "काय गं मार्डेल, किती करतेस तू!" चर्चचं काम बघणाऱ्या डीकनच्या बायकोने तर माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना, डोळ्यांत पाणी. लोकांना अशा गोष्टीची किती भूक असते हे पाळकांसारख्या तरुण माणसाला कळत नाही.

त्यांनाही बोलावलं. त्यांनी बुटाकडे बघत सांगितलं, त्या संध्याकाळी एका ठिकाणी शब्द दिलाय.

तलीथा गाडीत माझ्याकडे बघत होती. "काय?" म्हटलं. "काही नाही," म्हणाली. मग घर येईपर्यंत माझ्या कोटाची बाही धरून बसली, लहान असताना बसायची तशी. मोठ्या मुलींचं काही कळत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सगळं तयार. कोठार झाडलं, गवताचे गठ्ठे गोल मांडले, तुळयांना कंदील टांगले. मासा बघून मी थक्कच झाले. कोंबड्यांची जाळी वाकवून सांगाडा, वर कागदाचे थर, निळा-करडा रंग, जबडा वर-खाली होतो. रॉइसच्या हातात हे होतं हे मला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. मी म्हटलंसुद्धा.

"तू कधी काही सांगितलंच नाहीस करायला," तो म्हणाला. "बाकं हलव एवढंच."

एज्राच्या हाताला रंग लागलाय, निघत नाही. तो दिवसभर माझ्याजवळ येतो, काहीतरी सांगायला तोंड उघडतो आणि पळून जातो. उत्साह उतू चाललाय.

संध्याकाळी कॉर्लिसचा तवा बाहेरच्या ओट्यावर ठेवलेला सापडला. बेल वाजवली नाही की हाक मारली नाही. घाईत असेल.

१ नोव्हेंबर, शनिवार

बोलायला कोणी नाही म्हणून लिहायला बसलेय. म्हणजे घरात सगळे आहेत.

काल चार वाजता मी कोठारात तवा मांडला. रॉइस म्हणाला, "पाक कमी पडेल. एज्राला घेऊन जातो, आणतो." मी तेव्हा घरात बायबलमधली रूथ होणाऱ्या तलीथाच्या ओढणीला टाचण्या लावत होते. पिकअप कोठाराच्या मागून सुरू झाल्याचा आवाज आला. पाक आणायला पिकअप कोठारामागे कशाला न्यायची, असा विचारही आला नाही मला.

साडेपाचला पॅनकेकची पहिली खेप उतरवली. तलीथा रूथच्या वेषात गवताच्या गठ्ठ्यावर बसली होती. रस्त्यावरून एक गाडी आली, मी दारात गेले. ती पुढे गेली. दुसरी आली, तीही गेली. कंदील लावले. म्हटलं, शेतावरचे लोक, उशीर होतोच. मग म्हटलं, सगळे येईपर्यंत माशाच्या डोळ्यांतले दिवे तरी लावून ठेवू, एज्राला आल्या आल्या दिसतील.

गठ्ठ्यांच्या आड, मागच्या कोपऱ्यात मासा नव्हता. गवतात नुसती ओढल्याची खूण.

मी ओरडले, "तलीथा! मासा चोरीला गेला!"

खरंच असं ओरडले. हे आठवलं की मला आत्ताही तोंड लपवावंसं वाटतं.

तलीथा उठली. "चोरीला नाही गेला, मम्मी."

"मग?"

"फायर स्टेशनच्या आवारात आहे. सगळ्यांच्या गाड्या तिथं लागल्यात. डिक्क्या."

"सगळ्यांच्या म्हणजे?"

"सगळ्यांच्या. चर्चचं नाही ते, म्हणजे तसं नाव नाही दिलं. कॉर्लिस मावशी बघतेय सगळं."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

तिने ओढणीतली एक टाचणी काढून परत लावली. मी विचारलं, "मग तू का नाही गेलीस?"

"कुणीतरी थांबायला हवं होतं ना."

"एकानेही मला सांगू नये?"

"भीती वाटते गं तुला सांगायची," ती म्हणाली. इतक्या हळू की ओरडली असती तर बरं झालं असतं.

तवा मीच बंद केला. एवढं भान होतं. मग गाडी काढली, तलीथा तशीच ओढणी घेऊन शेजारी बसली. वाटेत एकदाच म्हणाली, "एज्रासमोर भांडू नकोस."

फायर स्टेशनचं आवार उजळून निघालं होतं. माझ्या मंडळीतली एकेक गाडी मी ओळखत गेले. डीकनची, ओपलबाईंच्या मुलाची, पियानो वाजवणाऱ्या बाईंची. गवताचे गठ्ठे आमच्याच शेतातले. पाळक ब्रँट गाईचा वेष करून उभे होते, पोटाला गुलाबी रबरी आचळं, हातात सफरचंदाच्या गरम रसाचा डाव. मला बघून डाव हातातच राहिला.

"सिस्टर मार्डेल, मी तुम्हाला सांगणारच होतो..."

मी पुढे चालू लागले. गाईच्या वेषातल्या माणसाशी भांडता येत नाही.

कॉर्लिस जांभळ्या झग्यात होती. एस्तेर राणीचा झगा. मी शिवलेला, गेल्या वर्षीच्या जेवणासाठी, काठ हाताने लावलेला. ती कोणाला तरी काही सांगत हसत होती. तिचं ते खरं हसणं. टेंभुर्णीच्या दिवशी नव्हतं ते.

आणि पलीकडे आमची पिकअप, मागे मासा, डोळे पेटलेले. जबड्यात एज्रा बसला होता. समोर पोरांची रांग, कोणी मांजर, कोणी अंतराळवीर, कोणी नुसतंच चादरीचं भूत. रॉइस मागून दोरी ओढायचा, जबडा वर जायचा, एज्रा आतून "गिळून टाकीन!" ओरडायचा आणि मूठभर चॉकलेटं भिरकवायचा. पोरं किंचाळायची. तो इतका हसत होता की हसता हसता आडवा व्हायचा. माझ्या पोटचा मुलगा असा हसतो हे मला माहीत नव्हतं.

मी दोन पावलं पुढे गेले. त्याने मला पाहिलं.

दिवा विझतो तसा तो थांबला. हातातलं चॉकलेट पाठीमागे लपवलं आणि म्हणाला, "मी नाही काही खाल्लं, मम्मी. एकपण नाही."

आवारातली माणसं आमच्याकडे वळली. रॉइस माशाच्या मागून बाहेर आला. "मार्डेल, घरी बोलू."

मी एज्राला विचारलं, "मजा येतेय?"

त्याने आधी बापाकडे पाहिलं, मग कॉर्लिसकडे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नाही."

सगळ्यांसमोर, माझ्या तोंडावर खोटं. माझ्या आठ वर्षांच्या लेकराला यांनी खोटं बोलायला शिकवलं. चॉकलेटं, वेष, डिक्क्या सगळं बाजूला ठेवते, पण याचा जाब त्यांना देवासमोर द्यावा लागेल.

मी परत फिरले. मागून कॉर्लिसची हाक आली, मी वळले नाही. तलीथा माझ्याबरोबर आली. घरी येऊन तिने उभ्याउभ्याच गार झालेले दोन पॅनकेक खाल्ले, पाकाशिवाय. "चांगले झालेत," म्हणाली.

२ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. लग्न झाल्यापासून असं फक्त बाळंतपणांत झालंय. रॉइस पोरांना घेऊन गेला. घर रिकामं झाल्यावर मी प्रार्थनेला बसले आणि पहिलं वाक्य आलं ते, "तुलाही माहीत होतं." मग उठलेच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कॉर्लिस आली. हातात घडी केलेला जांभळा झगा. मी दार उघडलं, आत ये म्हटलं नाही.

"धुऊन आणलाय," ती म्हणाली.

"ठेव तुझ्याकडेच. पुढच्या वर्षी लागेल."

"मार्डेल, असं नको ना बोलूस."

"मग कसं बोलू? तूच शिकव. पाठीमागे बोलायचं कसं ते मला येत नाही, तुला येतं."

तिचे कान लाल झाले. ती रागावली की आधी कान लाल होतात. "मी तुझ्या तोंडावर सांगितलं. या इथं, पायरीवर बसून. कंटाळा आला म्हटलं. तू मला वचन ऐकवलंस."

"तुला स्वतःला आला, असं कुठं म्हणालीस? मला आला का असं विचारलंस."

"कारण तुझ्याशी तसंच बोलावं लागतं! गेल्या वर्षी म्हटलं, यंदा मुलांना विचारू या काय हवंय. तू म्हणालीस, मुलांना विचारून का मोशेने समुद्र ओलांडला! सगळे हसले आणि विषय संपला. तू बोलायला चांगली आहेस गं. तुझ्यापुढे कोण टिकणार?"

"म्हणून माझ्या नवऱ्याला, माझ्या मुलाला..."

"रॉइस स्वतः आला. मी नाही बोलावलं."

ते मला माहीत नव्हतं. मी दाराची कडा धरली.

"तुला ते कणसांच्या खोलीचं माहीत होतं," मी म्हटलं. "या जगात एकट्या तुला. बाहेर सगळे हसतायत आणि आपल्यालाच माहीत नाही, हे मला काय होतं ते तुला माहीत होतं. तरी तू तेच केलंस."

तिने झगा छातीशी धरला. "माहीत होतं म्हणूनच इतकी वर्षं आले ना मी. देवासाठी नाही आले, मार्डेल. तुझ्यासाठी आले. त्या संध्याकाळी तू एकटी पडू नयेस म्हणून."

तिला वाटलं असेल हे ऐकून मला बरं वाटेल.

मी विचारलं, "पहिल्या वर्षीपासून?"

"नाही गं. पहिल्या वर्षी खरंच मजा आली होती. तुझ्या तलीथाने पाकात मेंढपाळाची खोटी दाढी बुडवली होती..."

"आणि दुसऱ्या?"

तिने झग्याची घडी पुन्हा नीट केली.

मी दार लावलं. आपटलं नाही, लावलं. ती बराच वेळ बाहेर उभी होती, पायरीच्या फळीचा आवाज आला नाही.

शुक्रवारचं एका संध्याकाळचं होतं. हे मागच्या सगळ्या वर्षांत जाऊन बसलं. आम्ही दोघी तळघरात ताटं धुताना गायचो, ती वरचा सूर घ्यायची. तेव्हाही ती मला सांभाळत होती? आजाऱ्याजवळ बसतात तशी?

६ नोव्हेंबर, गुरुवार

रॉइसशी आज बोलले. सहा दिवस 'मीठ दे', 'दार लाव' एवढंच चाललं होतं.

"तू स्वतः गेलास कॉर्लिसकडे?"

"हो."

"मला का नाही विचारलंस?"

"एज्राने मला विचारलं, डॅडी आपण जायचं का. मी हो म्हणालो. तुला विचारलं असतं तर नाही झालं असतं."

"म्हणून न विचारता?"

"हो."

निदान सरळ उत्तर दिलं. मी म्हटलं, "तू म्हणालास, मासा जेवणासाठी आहे."

"मी म्हणालो योनाचा आहे. बाकीचं तू म्हणालीस. मी तुला थांबवलं नाही. ते चुकलं माझं." तो टोपी हातात फिरवत राहिला. "मी तिकडे गेलोय हे तुला उशिरा कळेल आणि तू एकटी तव्यापाशी उभी असशील, हे मला पिकअपमध्ये बसल्यावर डोळ्यासमोर आलं. तरी गेलो. पोरगं शेजारी बसलं होतं."

मी त्याला कणसांच्या खोलीचं सांगितलं. पंधरा वर्षांनी. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तो म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंस तर..." आणि थांबला. बरं केलं थांबला ते. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. त्याने माफी मागितलीही नाही.

आज अंथरुणात मी मधोमध उशी ठेवली. त्याने ती हलवली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेले, मागच्या बाकावर बसले. पाळक स्वतः जवळ आले आणि माझी क्षमा मागितली, नीट, डोळ्यांत बघून. म्हणाले, "मला तुमच्याशी वाद घालायचा नव्हता, म्हणून मी मागच्या दारानं गेलो. पाळकानं असं करू नये." मी म्हटलं, "नाही करू." क्षमा केली असं म्हणाले नाही. ती आली की म्हणेन.

कॉर्लिस पुढे तिच्या जागी होती. शेजारची माझी जागा रिकामी ठेवली होती, पर्स ठेवून. मी बसले नाही. गाण्यात तिने वरचा सूर घेतला नाही, सगळ्यांसारखं सरळ गायली.

एज्रा आता मला प्रत्येक गोष्ट विचारून करतो. दूध पिऊ का, बाहेर जाऊ का, मोजे काढू का. ज्या गोष्टी खरंच विचारायला हव्यात त्या विचारत नसणार, एवढं आता मला कळायला लागलंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी बटाटे सोलत होते. तलीथा येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.  मग म्हणाली, "मम्मी, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

 म्हटलं, आता आणखी काय माहीत आहे सगळ्यांना? पण सुरी खाली ठेवली. "सांग."

"मला चर्चच्या गायनात राहायचं नाही. मला गायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

माझ्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. तिन्ही चांगली होती, एक तर स्तोत्रातलंच होतं. तिला गप्प करायला त्यांतलं कोणतंही पुरलं असतं. ती ते ऐकायला खांदे आवळून उभी होती, पाऊस येणार हे माहीत असलेल्या माणसासारखी.

"बरं," मी म्हटलं.

ती वाट बघत राहिली. "बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. नको गाऊस."

"आणि?"

"आणि काही नाही."

मला वाईट वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. तिच्या आवाजासाठी मी तिला किती वर्षं पुढच्या रांगेत उभी करतेय, आणि ती तिथे उभी राहून दात आवळून गात होती. हेही एक मला माहीत नसलेलंच. पण हे निदान तिने मला सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याकडे बघून.

मी बटाटा उचलला. ती गेली नाही. खुर्ची ओढून बसली, टेबलावरचं साल बोटाला गुंडाळत राहिली, आणि मग तिने मला दुसरी गोष्ट सांगायला सुरुवात केली.